जैबून, तू उशिराच यायचीस

जैबून, काल वाशीच्या हॉलमध्ये त्यांनी तुला गझल गायिका करून टाकलं.

स्टेजच्या मागे कापडी बॅनर होता. वर तुझं नाव, जैबुन्निसा, मोठ्या सुबक अक्षरात, आणि खाली 'ज्येष्ठ गझल गायिका यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. शेजारी तुझा फोटो. फोटो तरी कोणता निवडावा, तर पासपोर्टसाठी काढलेला, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली आणि फोटोग्राफरवर चिडलेला चेहरा. तू जाऊन अजून पंधरवडा झाला नाही आणि लोकांनी तुला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलं. तू जन्मात एक गझल गायली नाहीस. गझलेच्या मैफलीतला 'इर्शाद' हा शब्द तुझ्या तोंडी फक्त भाच्याला हाक मारताना यायचा.

म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय. शालन म्हणाली, "आता कुणाला लिहिताय?" मी म्हटलं, जैबूनला. ती म्हणाली, "मग माझाही सलाम लिहा," आणि भाजी निवडायला बसली. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या बायकोला आणि तुला एकमेकींची कधी अडचण झाली नाही. अडचण व्हायची ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना.

तू इंग्रजी गाणी गायचीस. फोर्टातल्या हॉटेलात, बँडबरोबर. लोक जेवत, काटेचमचे वाजत, आणि तू त्या सगळ्यावरून गात असायचीस. काही गाणी जॅझ, काही जॅझच्या शेजारची, सावकाश, जुन्या चालीची, प्रेमाची आणि प्रेम फसल्याची. मी तुझ्या मागे उभा राहून ट्रम्पेट वाजवायचो, पास्कल गिटार धरायचा. त्या कामात आपण उभं तारुण्य काढलं. मला त्यात लाज वाटण्यासारखं तेव्हाही काही दिसलं नाही आणि आजही दिसत नाही.

तू पहिल्यांदा हॉटेलात आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी लालबागच्या लग्नाच्या बँडमधून नुकताच तिथे लागलो होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. तू आलीस ती काळ्या झग्यात, बाह्या थेट मनगटापर्यंत. मॅनेजरने तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, आवाज नंतर बघू, आधी या बाह्या कापून घ्या. तू म्हणालीस, "साहेब, बाही काय गाते काय?" आणि त्याने उत्तर द्यायच्या आत तू गायला लागलीस. पास्कलने घाईघाईने सूर शोधला. मी तर ट्रम्पेट पेटीतून काढलंही नव्हतं.

तू गायलीस ते बोटीवालं गाणं. त्याचं खरं नाव आपल्यापैकी कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. तुझा बाप बोटीवर स्वयंपाकी, कुठल्या कुठल्या बंदरांतून फोनोच्या तबकड्या आणायचा, आणि त्या तबकडीचा कागद खाऱ्या हवेने सुटून गेला होता. गाण्यात एक बाई धक्क्यावर उभी आहे आणि बोट सुटते आहे, एवढंच. मुरुडच्या अलीकडच्या त्या गावात, नारळाच्या वाडीत बसून, इंग्रजीचं एक अक्षर न येता तू ते पाठ केलंस. गावात कुजबुज झाली तेव्हा तुझा बाप म्हणाला होता, "पोरगी गाते हाय, कुनाच्या वाडीतले नारल नाय चोरीत." हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की तुझ्या बापाला मी न पाहताही ओळखतो.

मॅनेजरने बाह्या राहू दिल्या, नाव मात्र बदललं. दारातल्या बोर्डावर लिहिलं 'मिस जेनी'. मला फार राग आला. मी तुला म्हटलं, तू कशी ऐकून घेतेस? तू म्हणालीस, "बोर्ड त्याचा हाय, दत्ता. माइक माझा हाय." आणि पहिल्याच आठवड्यात माइकवरून स्वतःच सांगितलंस की बोर्डावरची बाई आज आलेली नाही, तिच्या बदली जैबून गाणार आहे. लोक हसले. मग ते रोजचंच झालं. काही गिऱ्हाइकं तर जेनी कधी येणार म्हणून मुद्दाम विचारायची.

आता आपलं भांडण. ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस, म्हणून आज माझी बाजू पूर्ण मांडतो, मधे बोलायला तू नाहीस.

तू उशिरा यायचीस. कामावर नव्हे, कामावर तू सगळ्यांच्या आधी हजर. गाण्यात उशिरा यायचीस. बीट पडला की शब्द पडायला हवा, हे मला लग्नाच्या बँडमध्ये छडीने शिकवलेलं. तू बीट जाऊ द्यायचीस, त्याच्याकडे शांतपणे बघायचीस, आणि मग जिना उतरून आल्यासारखी सावकाश शब्द घेऊन यायचीस. पहिले सहा महिने मी फसायचो. वाटायचं, ही शब्द विसरली. मी तुझी जागा भरून काढायला दोन सूर फुंकायचो, आणि नेमकी तेव्हाच तू यायचीस, आणि दोघांची टक्कर व्हायची. मध्यंतरात तू मला किचनच्या दाराशी गाठलंस.

"माझ्या जागेत तू कशाला घुसतोस?"

"तू वेळेवर येत नाहीस म्हणून."

"बीट कुठं पळून चाललाय काय? थांबतो तो. तू पण थांब."

"बीट कुणासाठी थांबत नाही, जैबून."

"माझ्यासाठी थांबतो," तू म्हणालीस आणि सोड्याची बाटली घेऊन निघून गेलीस.

यावर आपण आयुष्यभर भांडलो. हॉटेलात भांडलो, बसमध्ये भांडलो, तुझ्या नेरूळच्या घरी बांगडा तळता तळता भांडलो. माझं मत आजही तेच आहे. तू उशिरा यायचीस. तुझ्यासारखं उशिरा येणं मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी तुझी रीत म्हणजे हात. आपल्या बँडमध्ये गाणं कधी संपणार हे आधी ठरलेलं नसायचं. लोक रंगात असले तर आणखी एक फेरी, कंटाळले असले तर आटोपतं. ते ठरवणार तू. तुझा डावा हात कमरेच्या मागे असायचा, आमच्याकडे वळलेला, गिऱ्हाइकांना न दिसणारा. पंजा उघडा दिसला की आणखी एकदा. मूठ दिसली की संपवा. मी नोटेशनकडे कमी आणि तुझ्या त्या हाताकडे जास्त बघून वाजवायला शिकलो. एकदा तुझ्या बोटाला भाजलं होतं, पट्टी बांधलेली, मूठ वळेना, आणि एकच गाणं आम्ही इतकं लांबवलं की वेटर हसायला लागले. शेवटी तू मागे वळून सरळ म्हणालीस, "बास रे बाबांनो, बोट भाजलंय माझं."

मग एक दिवस हॉटेलने टेपा लावल्या. रंगीत दिवे आले, बँडची गरज उरली नाही. मॅनेजरने आपल्याला चहाला बसवून गोड शब्दांत सांगितलं. पास्कल रडला. मी तोंडाला येईल ते बोललो. तू चहा संपवलास, बशी जागेवर ठेवलीस आणि म्हणालीस, "आजचा प्रोग्राम आमचा हाय ना?" आणि जाऊन तो पूर्ण केलास, एकही गाणं न गाळता.

इथे लोकांना तुझी गोष्ट संपवायची असते. काल हॉलमध्येही एकाने तेच केलं. म्हणे, नंतर त्या काळाच्या पडद्याआड गेल्या. कुठला पडदा? तू नेरूळला होतीस. खाडीकडे खिडकी असलेलं एका खोलीचं घर घेतलंस तेव्हा आजूबाजूला नुसता चिखल आणि अर्ध्या इमारती होत्या. मी तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर झालो होतो, कोपरखैरण्याला राहायला आलो, आणि रविवारी लग्नं वाजवायचो. तू केसांच्या तेलाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती गायलीस. सिनेमाच्या गाण्यांत मागच्या रांगेत उभी राहून 'आऽ' केलंस. कुणी नाक मुरडलं की सांगायचीस, "रांग मागची असेल, पण आ माझाच हाय." गावाहून बहिणीच्या मुलाला, तुला खाला म्हणणाऱ्या इर्शादला, शिकायला आणलंस, वाढवलंस, त्याला कळंबोलीत हार्डवेअरचं दुकान काढून दिलंस. सुट्टीच्या दिवशी मी आणि पास्कल सरावाला यायचो. गॅसवर कालवण, बाजूला पास्कलची गिटार, खालून भाजीवाल्याची आरोळी. हे सगळं पडद्याआड झालं असेल तर तो पडदा फारच पातळ असला पाहिजे.

तो पेपरवाला आठवतो? चुणचुणीत होता, वाईट नव्हता. त्याला 'हरवलेली गायिका' असं काहीतरी लिहायचं होतं. तू त्याला तळलेले बोंबील वाढलेस. तो खाता खाता हळू आवाजात विचारायचा, एकटं वाटतं का, जुने दिवस आठवून रडू येतं का. तू त्याला आणखी एक भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, "मी हरवले कशी? पत्ता तर तुमाला बरोबर सापडला ना?" त्याने हसून वही बंद केली. पुढे त्याचा लेख काही आला नाही. मला वाईट वाटलं, तुला अजिबात नाही. "रडले असते तर छापला असता," एवढंच म्हणालीस.

आणि वाशीचं ते रेस्टॉरंट. खाली परमिट रूम, वर फॅमिली सेक्शन, शुक्रवारी वर गाणं. तुला बोलावलं तेव्हा तुझी साठी जवळ आली होती. बँड परवडत नव्हता म्हणून मालकाने एक कीबोर्ड ठेवला होता. बटण दाबलं की ड्रम आपोआप वाजणारा. त्या मशीनची आणि तुझी पहिल्या दिवसापासून जुंपली. तू नेहमीसारखा बीट जाऊ दिलास, आणि ते बेटं थांबेना. तू सावकाश उतरून येईपर्यंत ते पुढच्या वळणावर. मी कोपऱ्यात बसून पाहत होतो, आणि खरं सांगतो, मला मनातून गुदगुल्या होत होत्या. मी तुला इतकी वर्षं हेच तर सांगत होतो.

दुसऱ्या शुक्रवारी भर गाण्यात वीज गेली. मशीन गप्प. पंखे गप्प. तू गातच राहिलीस. माइकशिवाय. अंधारात आधी कुणीतरी टेबलावर बोटांनी ताल धरला, मग दुसऱ्याने, मग सगळा फॅमिली सेक्शन धरू लागला. आणि जैबून, ती माणसं तुझ्यासाठी थांबत होती. तू येईपर्यंत टेबलावरचा हात हलकेच लांबवत होती. त्यांना कुणी शिकवलं होतं? त्यांच्यातल्या अर्ध्यांना इंग्रजी येत नव्हतं. वीज परत आली तेव्हा मालक मशीन सुरू करायला धावला, आणि तू जाऊन प्लगच काढून ठेवलास. पुढच्या शुक्रवारपासून मी आणि पास्कल तिथे वाजवू लागलो. येता-जाता बसभर तू माझ्याकडे बघून हसत होतीस. तुझं ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

एक गोष्ट मात्र तुला कधी बोललो नाही. ट्रम्पेटवाल्याचं सगळं समोरच्या दातांवर असतं. माझा एक दात हलू लागला, मग काढावा लागला, आणि वरचे सूर लागेनासे झाले. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पुढच्या सरावाला तू गळ्याला मफलर गुंडाळून बसलीस आणि म्हणालीस, "माझा गळा उतरलाय रे. वय झालं. सगळी गाणी दोन सूर खाली घ्या." पास्कलने मुकाट्याने गिटार जुळवून घेतली. मीही घेतलं. खालच्या सुरात माझं सगळं नीट बसलं.

नंतर एकदा मी सांगून आलो नव्हतो, जिना चढत होतो, आणि वर स्वयंपाकघरात तू बोटीवालं गाणं गात होतीस. पूर्वीच्या सुरात, वर, मोकळ्या गळ्याने. मी जिन्यातच थांबलो. तुझं गाणं संपेपर्यंत थांबलो आणि मग मुद्दाम पाय आपटत वर आलो. तू दार उघडलंस ते खोकत. त्या दिवशी कालवण नेहमीपेक्षा तिखट झालं होतं आणि आपण दोघांनी त्याला छान म्हटलं. जैबून, मला ठाऊक होतं. तुला ते कळलं होतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. तुझे उपकार मानतो म्हटलं असतं तर तू मला जिन्यावरून खाली ढकललं असतंस.

मग छातीत पाणी झालं. वाशीच्या हॉस्पिटलात तू पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटाने ताल धरायचीस आणि नर्सला विचारायचीस, ही बाजूची मशीन एवढी बेताल का वाजते. श्वास पुरत नव्हता, पण भांडायला पुरत होता.

"दत्ता, एक सांगू? मी उशिरा नाय येत. तू लवकर येतोस."

"बरं."

"बरं काय बरं? मान्य कर."

"नाही करणार."

तू हसलीस, मग खोकलीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "मी गेले ना, तर रडका सूर नको लावूस. आणि ते बूच काढून वाजव. जन्मभर मी तुला बूच लावायला लावलं."

बूच म्हणजे म्यूट, ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबायचं. तू गाताना ते लावायचं हा तुझा कायदा होता. मी म्हटलं, तुझ्या आवाजाच्या खाली वाजवायला मला आवडतं. तू तोंड दुसरीकडे फिरवलंस. शालन डबा घेऊन आली आणि तो विषय तिथेच राहिला.

तुला पोचवायला मी आणि पास्कल दोघंही आलो होतो. इर्शादने मला पुढे बोलावलं आणि सांगितलं, काका, तीन मुठी माती. मी माती उचलली. मूठ घट्ट वळली होती आणि मला ती उघडवेना. मूठ म्हणजे संपलं, हे तूच इतकी वर्षं माझ्या डोळ्यांत बसवलेलं. इर्शाद हळूच म्हणाला, "सोडा काका." मग मी पंजा उघडला. माती खाली पडली, आणि माझा हात तुझ्यासमोर उघडा राहिला. तिन्ही वेळा तसंच झालं. घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात वर्तकसाहेब घरी आले. आमच्या भागातल्या सांस्कृतिक मंचाचे अध्यक्ष. माणूस चांगला, पाण्याच्या तक्रारीसाठी चार ऑफिसं पालथी घालणारा. म्हणाले, आपण शोकसभा घेऊ, तुम्ही दोन शब्द बोला, एक बाई हार्मोनियमवर एखादी गझल म्हणतील. मी म्हटलं, ती गझल गात नव्हती. ते जरा चुळबुळले.

"ते माहीत आहे हो मला. पण कसं आहे, मुसलमान बाई, गायिका, म्हटलं की गझल. लोकांना चटकन कळतं. हॉटेल, इंग्रजी, बँड म्हटलं की प्रश्न निघतात. मी तिच्याच मानासाठी सांगतोय."

"तिच्या मानाला काय धाड भरलीय?"

"दत्ताराम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही बघतो सगळं."

मी इर्शादला फोन केला. मला वाटलं, तो वर्तकांच्या बाजूचा निघेल. तो गाणं ऐकत नाही, त्याच्या दुकानात रेडिओ नाही, हे तुला मान्य होतं आणि मलाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मी गाण्याला बसत नाय, तुमाला माहीत हाय. पण खालाच्या नावावर खोटं नको. ती काय गायची ते मी लहानपणापासून बघितलंय, तेच सांगा. तुमी वाजवणार असाल तर मी आत नाय बसणार. बाहेर जिन्यात उभा राहीन."

"जिन्यात का?"

"ऐकायला नाय हो," तो म्हणाला. "उभा राहायला."

काल भाषणं झाली. गझल झाली, बाईंनी चांगली म्हटली, त्यांचा काही दोष नाही. मग मला माइक दिला. मी म्हटलं, बॅनरवरच्या बाई आज आलेल्या नाहीत. त्यांच्या बदली जैबूनबद्दल बोलतो. कुणी हसलं नाही, पास्कल सोडून. मी सांगितलं, ही बाई हॉटेलात इंग्रजी गाणी गायची, पूर्ण बाह्यांचा काळा झगा घालून, आणि ते काम तिने आपल्या हिमतीवर केलं. हे ज्यांना लपवण्यासारखं वाटत असेल त्यांनी तिच्यासाठी हळहळायला इथे बसू नये. वर्तकसाहेब टेबलावरची पाण्याची बाटली सारखी करत होते. मग पास्कलने खुर्चीखालून गिटार काढली, मी पेटी उघडली.

आम्ही बोटीवालं गाणं घेतलं. उतरवलेल्या सुरात, दोन खाली. पण चाल वाजवली नाही. चाल तुझी. आम्ही फक्त तुझ्या मागचं वाजवलं, नेहमीचं, म्यूट लावून. तुझ्या ओळींच्या जागा तशाच ठेवल्या. पास्कल झंकार सोडायचा, मी तुझ्या ओळीनंतरचे दोन सूर भरायचो, आणि मधे काही नाही. पहिल्या फेरीत लोक एकमेकांकडे बघत होते. दुसऱ्या फेरीत मागच्या रांगेतल्या कुणीतरी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. बहुतेक शुक्रवारचं जुनं गिऱ्हाईक असावं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज आणि तुझी मोकळी जागा, एवढंच होतं. मी त्या जागेत घुसलो नाही, जैबून. बघितलंस ना?

तेवढ्यात वर्तकसाहेब उठले. त्यांना वाटलं, आता पुरे. सभा आहे, वेळ झालाय. त्यांनी आम्हाला थांबवायला हात वर केला. पंजा उघडा, बोटं पसरलेली, अगदी आमच्या तोंडासमोर.

मी पास्कलकडे बघितलं. पास्कलने माझ्याकडे बघितलं.

"पंजा आहे, मॅन," तो म्हणाला.

आणि आम्ही आणखी एक फेरी घेतली. वर्तकसाहेबांनी दुसरा हातही वर केला. आम्ही आणखी एक घेतली. त्या फेरीला मी म्यूट काढून खिशात टाकलं. जो आवाज निघाला तो हॉलच्या काचांना लागला, जिन्यात गेला, खाली रिक्षावाल्यांपर्यंत गेला असेल. रडका सूर नव्हता. तुझ्या जागा तेव्हाही मोकळ्या ठेवल्या, फक्त त्यांच्या दोन्ही कडांना मी जोरात वाजवलं. शेवटी ओठ सुटला, वाऱ्याशिवाय काही निघेना, म्हणून थांबलो. टाळ्या पडल्या की नाही, मला आठवत नाही. वर्तकसाहेबांनी आभार मानले आणि राष्ट्रगीत घेतलं, त्याला मात्र सगळे नीट उभे राहिले.

जिन्यात इर्शाद होता. कठड्याला धरून उभा, डोळे पुसून झालेले. मी त्याच्याजवळ थांबलो. खाली पास्कल रिक्षा थांबवत होता.

"काका," तो म्हणाला, "ती प्रत्येक वेळी उशिरा सुरू करायची ना?"

"हो."

"तुमी आत थांबायचात तेव्हा मला वाटायचं, आता येईल. प्रत्येक वेळी वाटायचं, आता येईल."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही सावकाश जिना उतरलो.

तर जैबून, हे असं झालं. बॅनर त्यांचा होता. तू उशिरा यायचीस या मतावरून मी तसूभरही हलणार नाही, आणि समोर तू नसलीस तरी हे भांडण मी चालू ठेवणार आहे. पास्कल म्हणतो, रविवारी ये, वाजवू. शालन म्हणते, बोंबील आणते. सूर तोच राहील, दोन खाली. तुझ्या जागा आम्ही मोकळ्या ठेवू. मूठ अजून कुणी दाखवलेली नाही.